तेलात तेल का चिकटतं? पेशीच्या पडद्यातल्या जोड्यांची गोष्ट

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची मधुमेहाची गोळी गेल्या वर्षी बदलली. मार्च २०२५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचं पेटंट भारतात संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत एकदम उतरली. वर्तमानपत्रांनी बातमी दिली, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. काका रसायनशास्त्रातले, कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. गोळी काय करते हे कळल्याशिवाय ती गिळणं त्यांना अपमानास्पद वाटतं.

रविवारी मिसळ खायला गेलो तेव्हा माझी भाची सोबत होती. ती पुण्यात पाषाणला एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. काकांनी तिलाच धरलं. "ही गोळी म्हणे साखर लघवीवाटे बाहेर काढते. कशी काढते?"

"काढत नाही, काका. तुमचं मूत्रपिंड रक्त गाळताना साखर आधी सोडून देतं आणि मग जवळजवळ सगळी परत आत ओढून घेतं. ओढून घेणारी प्रथिनं असतात. गोळी त्यांच्या तोंडात बोळा घालते, एवढंच. आत न ओढलेली साखर लघवीतून जाते."

काकांना हे पटलं. मग ती बोलता बोलता म्हणून गेली, की अशी प्रथिनं पुष्कळदा एकटी नसतात, दोन-दोन जोडीनं राहतात, आणि ती जोडी जमते कशी यावर जगभर काम चालू आहे. काकांचा चमचा थांबला.

"थांब. ही प्रथिनं पेशीच्या पडद्यात असतात ना? पडदा चरबीचा. चरबीत बसायचं म्हणजे प्रथिनाचं अंगही तेलकटच असणार. मग तेलात तेल कशाला चिकटेल?"

भाची हसली. "काका, ह्याच प्रश्नावर लोकांची आख्खी करिअर गेलीत."

हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

## आधी समोरची तर्री बघा

मिसळीच्या रश्श्यावर तर्रीचे लाल ठिपके तरंगत असतात. चमच्यानं एक मोठा ठिपका फोडा, त्याची पिल्लं होतात. थोडा वेळ थांबा, पिल्लं एकमेकांना भिडून पुन्हा मोठी होतात. आपल्याला वाटतं तेलाला तेलाची ओढ आहे. खरं तर खेळ पाण्याचा आहे. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून असतात आणि ते हात सतत बदलत असतात. तेलाचा थेंब मध्ये आला की त्याच्या कडेच्या पाण्याला हात धरायला पुरेसे शेजारी मिळत नाहीत, त्याची मोकळीक कमी होते. दोन थेंब एक झाले की कडेची लांबी घटते, तितकं पाणी सुटतं. तेल एकत्र येतं ते पाण्यानं बाजूला सारल्यामुळे.

रक्तातल्या किंवा पेशीच्या आतल्या पाण्यात राहणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत हाच नियम फार मोठं काम करतो. त्यांचे तेलकट भाग आत दडतात, पाणीप्रेमी भाग बाहेर राहतात. दोन प्रथिनं जोडीनं येतात तेव्हाही बऱ्याचदा दोघांच्या अंगावरचा एकेक तेलकट पट्टा समोरासमोर येऊन पाण्यापासून लपतो. हे सगळं पाणी आहे म्हणून. पडद्याच्या आत पाणीच नसेल तर?

## पडदा म्हणजे दोन मजली गर्दी

शाळेच्या पुस्तकात ज्याला प्रद्रव्यपटल म्हणायचो, तोच हा पडदा. तो ज्या रेणूंचा बनतो त्यांना लिपिड म्हणतात. एका लिपिडला पाणी आवडणारं एक डोकं आणि पाणी न आवडणाऱ्या दोन लांब शेपट्या. पाण्यात टाकलं की ही मंडळी आपोआप दोन थरांत उभी राहतात, शेपट्या आत एकमेकींकडे, डोकी बाहेर पाण्याकडे. हाच द्विस्तर. तांबड्या पेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापते, असं गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ साली मोजलं आणि थर दोन आहेत हे तिथून कळलं. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींना फेडून गेल्या, ही विज्ञानातली एक जुनी गंमत.

या द्विस्तराचा तेलकट गाभा जेमतेम तीन नॅनोमीटर जाड असतो. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर, म्हणजे जाडीचा अंदाज करा. आणि तो भिंतीसारखा घट्ट नसतो. दिवाळीआधीच्या शनिवारी लक्ष्मी रस्त्यावर जशी गर्दी असते तसा असतो, दाटीवाटीचा पण सतत सरकणारा. प्रत्येक लिपिड सेकंदाला लाखो वेळा शेजारी बदलतं. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२मध्ये हे वाहतं चित्र मांडलं आणि प्रथिनं या गर्दीत तरंगत असतात असं सांगितलं.

मीठ, साखर, आम्ल यांना हा तेलकट थर सहजी ओलांडता येत नाही. त्यासाठी थराच्या आरपार बसलेली प्रथिनं लागतात. त्यातली काही नुसती नळी असतात, उघडली की माल वाहतो. काही मात्र सराफाच्या दुकानासारखी असतात. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडत नाही. माल बाहेरून मधल्या जागेत येतो, बाहेरचं दार मिटतं, मग आतलं उघडतं. यांना वाहक प्रथिनं म्हणू. काकांच्या मूत्रपिंडातलं साखर ओढणारं प्रथिन या जातीचं.

अशी दोन प्रथिनं एकमेकांना चिकटून एक घटक म्हणून राहिली की त्याला डायमर म्हणतात. पुढे आपण जोडीच म्हणू, बरं वाटतं.

## काकांची शंका रास्त का आहे

पडद्यातलं प्रथिन एकटं असताना त्याच्या अंगाला सगळीकडून लिपिडच्या शेपट्या टेकलेल्या असतात. तेलकटाला तेलकट. जोडी झाली की काय होतं? दोघांमधली लिपिडं बाजूला होतात आणि त्या जागी समोरच्या प्रथिनाचं तेलकट अंग येतं. पुन्हा तेलकटाला तेलकट. जमाखर्च मांडला तर एक संपर्क गेला, तसाच दुसरा आला. हाती काय लागलं? वरवर पाहता शून्य.

शिवाय पडद्यात गर्दी असते आणि मोकळं फिरणं प्रत्येक रेणूला "आवडतं". दोघांना एका जागी बांधून ठेवायचं तर त्याची किंमत मोजावी लागते. तेव्हा शून्य नफ्याच्या धंद्यात कोणी पडू नये. तरीही पडद्यातली प्रथिनं सर्रास जोड्या करतात, काही तर चौकडी करतात. पाणी वाहून नेणारं ॲक्वापोरिन चार-चारच्या गटात राहतं.

पोपो आणि एंगलमन यांनी १९९०मध्ये ही गोष्ट दोन टप्प्यांत मांडली. पहिल्या टप्प्यात प्रथिनाचे एकेक सर्पिल तुकडे पडद्यात उभे राहतात. तिथे पाणी ढकलतं, त्यामुळे अवघड काही नाही. दुसऱ्या टप्प्यात ते तुकडे पडद्याच्या आतच एकमेकांशी जुळतात. कोडं या दुसऱ्या टप्प्यातलं आहे.

## एका जिवाणूतलं प्रथिन कामाला येतं

असले प्रश्न सगळ्या प्रथिनांवर एकदम सुटत नाहीत. एखादं सोशिक, लॅबमध्ये नीट वागणारं प्रथिन धरावं लागतं. इथे ते मिळालं आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत. त्याचं नाव सीएलसी-ईसी१. जठरातल्या जहाल आम्लातून जिवाणू जिवंत बाहेर पडतो त्यात या प्रथिनाचा हात असतो. ते दोन क्लोराइड एका दिशेला नेतं आणि त्या बदल्यात एक प्रोटॉन, म्हणजे आम्लाचा कण, उलट दिशेला सोडतं.

सीएलसी हे क्लोराइड नेणाऱ्या प्रथिनांचं घराणं. त्याची ओळख मुळात एका माशामुळे झाली. टॉर्पेडो नावाचा, विजेचा झटका देणारा मासा आहे. त्याच्या वीज-अवयवातली क्लोराइडची नळी तपासताना क्रिस्टोफर मिलर या अमेरिकी संशोधकाला १९८०च्या दशकात विचित्र वागणूक दिसली. प्रवाह शून्य, अर्धा आणि पूर्ण अशा तीनच पायऱ्यांत बदलायचा. त्यानं निष्कर्ष काढला की एका घटकात दोन सारख्या नळ्या आहेत, दुनळी बंदुकीसारख्या. पुष्कळांना तेव्हा हे ओढूनताणून आणलेलं वाटलं. २००२मध्ये राइमुंड डुट्झलर आणि रॉडरिक मॅकिनन यांच्या गटानं जिवाणूतल्या भावंडाची क्ष-किरण रचना काढली आणि चित्रात दोन प्रथिनं शेजारी शेजारी, प्रत्येकाची वाट वेगळी, अशी स्वच्छ दिसली. मॅकिनन यांना २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मुख्यतः पोटॅशियमच्या नळीसाठी. पण हे कामही त्याच घरातलं.

मग २०१०मध्ये आणखी एक गोष्ट कळली आणि कोडं अधिकच बिकट झालं. जॅनिस रॉबर्टसन, मिलर आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनाच्या जोड लागणाऱ्या बाजूवर दोन ठिकाणी एक जाडजूड अमिनो आम्ल (प्रथिनाच्या माळेतला एक मणी), ट्रिप्टोफॅन, बसवलं. जोडी तुटली. प्रथिन एकटं पडलं आणि एकटं असूनही काम करत राहिलं! म्हणजे जोडीदाराशिवाय याचं अडत नाही. मग ही दोघं एकत्र राहतात ती कशापायी?

## जोड्या मोजायच्या कशा

ओढ किती आहे हे सांगायचं तर ती मोजता आली पाहिजे. पाण्यातल्या प्रथिनांसाठी पाणी वाढवत जायचं, विरळ होता होता जोड्या कधी तुटतात ते पाहायचं. पडद्यातल्या प्रथिनांसाठी पाणी वाढवून उपयोग नाही, लिपिड वाढवावी लागतात. आणि प्रथिनं इतकी विरळ करायची की नेहमीची यंत्रं त्यांना पाहूच शकत नाहीत.

रॉबर्टसन यांच्या गटानं २०१६मध्ये छापलेली युक्ती मला फार आवडते. समजा मध्यरात्री पुणे स्टेशनबाहेर पाचशे रिक्षा उभ्या आहेत आणि गाडीतून उतरलेत पन्नास प्रवासी. (पाचशे रिक्षा मध्यरात्री मीटरनं यायला तयार आहेत, हे उदाहरणापुरतं गृहीत धरा.) सगळे एकेकटे असतील आणि जो तो डोळे मिटून कुठल्याही रिक्षात बसला, तर एका रिक्षात दोघं सापडणं विरळाच. पण पुष्कळ रिक्षांत दोघं-दोघं दिसू लागले, तर ती जोडपी आहेत असं धरायला हरकत नाही.

इथे रिक्षा म्हणजे लिपिडचे सूक्ष्म फुगे. प्रथिनाच्या प्रत्येक रेणूला एक चमकणारा रंग लावतात, मोठ्या पडद्यात दिवसेंदिवस मिसळू देतात, मग तो पडदा चाळणीतून दाबून लहान फुग्यांत तोडतात. प्रत्येक फुगा सूक्ष्मदर्शकाखाली लेझरच्या प्रकाशात धरला की रंगाचे दिवे एकामागून एक कायमचे विझतात. गणपतीच्या आराशीतली माळ जळते तसं. उजेड एका पायरीत गेला तर फुग्यात एक प्रथिन होतं, दोन पायऱ्यांत गेला तर दोन. हजारो फुगे पाहायचे आणि पायऱ्या मोजायच्या.

योगायोगानं दोन अनोळखी एका फुग्यात आले तर? त्याचाही बंदोबस्त आहे. ट्रिप्टोफॅनवालं, कधीच जोडी न करणारं प्रथिन आणि रासायनिक बंधानं कायमचं जोडून टाकलेलं प्रथिन, ही दोन्ही त्याच पद्धतीनं मोजून ठेवतात. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठे पडतं ते पाहायचं.

उत्तर चक्रावून टाकणारं आलं. दहा कोटी लिपिडमागे एक प्रथिन, इतकी विरळ वस्ती असली तरी साधारण निम्मी प्रथिनं जोडीतच असतात. दहा कोटी लिपिडचा द्विस्तर म्हणजे एका ई. कोलाय जिवाणूच्या संपूर्ण पृष्ठभागाच्या कितीतरी पट क्षेत्र. हिशेबानं पाहिलं तर एका जिवाणूत ही प्रथिनं दोनच असली, तरी बहुतेक वेळ ती एकमेकांना धरून असतील. काकांच्या "शून्य नफ्या"च्या तेलात इतकी घट्ट मिठी!

## आता टपरीकडे या

इथून पुढचं उत्तर मला भाचीनं मिसळीच्या दुकानाबाहेर, चहाच्या टपरीकडे बोट दाखवून समजावलं. उदाहरण तिचं आहे, मी फक्त पाणी घातलं.

एक टपरी आहे. तीन बाजूंनी उघडी, पण एका बाजूला पत्र्याची पडवी खाली उतरलेली. टपरीभोवती तुडुंब गर्दी. तीन बाजूंचे लोक ताठ उभे राहून चहा पितात. पडवीखाली जे सापडलेत त्यांना मान तिरकी करून, गुडघे वाकवून उभं राहावं लागतं. जागा सोडून जावं म्हटलं तर मागून रेटा. एक वैतागून गेला की दुसरा तिथे ढकलला जातो. वाकणारे बदलतात, वाकणं संपत नाही.

आता शेजारी अगदी तशीच दुसरी टपरी आहे. दोन्ही टपऱ्या सरकवून पडवीला पडवी भिडवली तर? मधली ती अडचणीची जागाच नाहीशी होते. कुणालाही वाकावं लागत नाही. टपऱ्यांना एकमेकींचं काही प्रेम नाही. सुटका गर्दीची झाली.

सीएलसी-ईसी१ची जोड लागणारी बाजू अशीच आहे. रॉबर्टसन आणि होसे फाराल्दो-गोमेझ यांच्या गटांनी २०२१मध्ये प्रयोग आणि संगणकावरची नक्कल एकत्र करून हे दाखवलं. प्रथिन एकटं असताना त्याच्या तेवढ्या बाजूपाशी पडदा पातळ होतो, कारण तिथला तेलकट पट्टा बाकी अंगाच्या मानानं आखूड आहे. लिपिडना तिथे सरळ उभं राहता येत नाही, शेपट्या तिरक्या कराव्या लागतात. दोन प्रथिनं त्या बाजूनं भिडली की पातळ जागा गायब होते आणि लिपिड पुन्हा ताठ होतात. जमाखर्चातला नफा इथे होता. आपण प्रथिनाचं प्रथिनाशी काय नातं हेच मोजत बसलो होतो आणि गर्दीची अवघडलेली मान हिशेबात धरलीच नव्हती.

आपल्याकडची ठरवून केलेली लग्नं आठवा. मुलामुलीला एकमेकांची ओढ असेल नसेल, पण दोन्हीकडच्या मामा-मावश्यांना आणि शेजाऱ्यांना त्यांचं एकटं असणं सोसत नाही. भाचीला हे उदाहरण अजिबात आवडलं नाही, तरी मी ठेवतोय.

## हे गोष्टीला गोष्ट म्हणून ठीक, पुरावा काय?

पुरावा लहान मुलांचा. टपरीच्या पडवीखाली मोठ्या माणसाला वाकावं लागतं, सात वर्षांच्या पोराला नाही. गर्दीत पोरं सोडली तर ती आपसूक पडवीखाली जमतील आणि टपऱ्या भिडवण्याची निकड संपेल.

प्रयोगात हेच केलं. नेहमीच्या पडद्यातल्या लिपिडच्या शेपट्या सोळा आणि अठरा कार्बनच्या होत्या. त्यात बारा कार्बनच्या आखूड शेपट्यांची लिपिड मिसळली. जोड्या सुटू लागल्या. अगदी थोडी मिसळण केली तरी परिणाम दिसला, वाढवत गेलं तसा वाढत गेला. प्रथिनात काही बदललं नव्हतं. त्याचं कामही चालू होतं. बदलली होती फक्त गर्दी.

यावर जाणकार वाचक विचारेल, की ती आखूड लिपिडं त्या खाचेत जाऊन चिकटून बसत असतील आणि जोडीदाराची जागा अडवत असतील, म्हणजे काकांच्या गोळीसारखा बोळाच की. संगणकातल्या नकलेत तसं दिसत नाही. आखूड लिपिडं त्या बाजूपाशी जास्त संख्येनं सापडतात खरी, पण एकही ठिय्या मारून बसत नाही. येतात, जातात, दुसरी येतात. पडवीखाली कोणतं पोर आहे याला महत्त्व नाही, सरासरीनं पोरं जास्त आहेत याला आहे. बोळ्याला ठरावीक जागा लागते आणि ती भरली की संपलं. इथे भरून संपणारी जागाच नाही. त्यामुळे पेशीला हा एक नाजूक कानपिळा मिळतो, असं मला वाटतं. पडद्याची मिसळण किंचित बदलायची आणि जोड्यांचं प्रमाण सावकाश इकडून तिकडे न्यायचं.

मात्र सगळं श्रेय लिपिडना देऊन मोकळं होता येणार नाही. टपऱ्या भिडल्यावर पत्र्याला पत्रा नीट बसला पाहिजे, फट राहिली तर गर्दी तिथेही अडकणार. दोन ट्रिप्टोफॅननी जोडी तुटली याचा अर्थ आकार जुळणंही हवं. आणि सगळी प्रथिनं ह्याच कारणानं जोडीत येतात असंही नाही. काहींच्या मध्ये सरळ रासायनिक बंध असतात, काही आकारानंच एकमेकांत अडकतात.

## पण आता संगणक सगळ्या प्रथिनांचे आकार सांगतो ना?

सांगतो, आणि त्यासाठी २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळालं. बेकर यांना नवी प्रथिनं रचण्यासाठी, बाकी दोघांना प्रथिनांचे आकार सांगणाऱ्या आल्फाफोल्ड या प्रणालीसाठी. हे काम थोरच आहे. पण जोडीचा आकार कळणं आणि जोडी किती घट्ट आहे हे कळणं यात फरक आहे. लग्नाचा फोटो बघून संसार कसा चाललाय ते कळत नाही. आपण आत्ता पाहिलं, त्याच दोन प्रथिनांची जोडी एका पडद्यात टिकते आणि दुसऱ्यात सुटते. फोटोत दोन्ही वेळा तेच दोघं.

घट्टपणा कळायला गर्दीतल्या प्रत्येक लिपिडची हालचाल मोजणारी नक्कल लागते आणि तिला महासंगणक लागतो. पुणेकरांना हा शब्द नवा नाही. सी-डॅकनं परम ८००० इथेच घडवला, १९९१मध्ये. तेव्हाच्या त्या यंत्रानं हवामानाची गणितं केली. आजची यंत्रं लिपिडच्या शेपट्या मोजतात.

## मग खोबरेल तेल खाऊ का?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेतो. खोबरेल तेलातलं जवळजवळ निम्मं स्निग्धाम्ल लॉरिक आम्ल असतं आणि त्यात बरोब्बर बारा कार्बन असतात. प्रयोगातल्या आखूड शेपट्याही बाराच्याच. उद्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर दोन्ही जोडून "पेशी तरुण ठेवणारं तेल" असा निरोप फिरवला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

तो निरोप पुढे पाठवू नका. प्रयोगशाळेत तयार केलेल्या पडद्यात, दोन्ही शेपट्या बाराच्या असलेली लिपिडं मोजून मिसळली होती. आपण खाल्लेलं लॉरिक आम्ल पचतं, काही ऊर्जेसाठी जळतं, काही चरबीच्या साठ्यात जातं. ते तसंच्या तसं पेशीच्या पडद्यात जाऊन दोन-दोनच्या जोडीनं उभं राहत नाही. पडद्यात कोणत्या लांबीच्या शेपट्या घालायच्या यावर पेशीचा स्वतःचा कडक पहारा असतो. थंडीत साजूक तूप थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल वाहतं राहतं, हे आपण बघतो. जिवाणूही थंडीत पडद्यात तेलासारखी वाकडी शेपटी वाढवतात आणि पडदा वाहता ठेवतात. ही निवड ते स्वतः करतात.

## एवढं करून जोडीचा फायदा काय?

सीएलसी-ईसी१ एकटं काम करू शकतं, त्यामुळे त्याच्यापुरतं हे उत्तर सरळ नाही. जोडीत ते अधिक टिकाऊ असेल, असं काहींना वाटतं. मला स्वतःला यात काही खटकत नाही. गर्दीची अडचण दूर झाली एवढं कारणही पुरेसं असू शकतं. निसर्गात प्रत्येक गोष्टीमागे हेतू शोधायची आपल्याला खोड आहे.

पण इतर ठिकाणी जोडी म्हणजे सर्वस्व असतं. ई. कोलायमध्येच ईएमआरई नावाचं एक इवलंसं प्रथिन आहे, औषधं आणि जंतुनाशकं पेशीबाहेर फेकणारं. एकट्याच्या अंगात वाटच पूर्ण होत नाही. दोन रेणू, एक सुलटा आणि एक उलटा, असे जुळतात तेव्हा मध्ये वाट तयार होते. ग्रॅमिसिडिन या प्रतिजैविकाची तर निम्मी नळी वरच्या थरात आणि निम्मी खालच्या थरात असते. दोन्ही तोंडाला तोंड लागली की आरपार भोक पडतं. पडदा जाड असेल तर तोंडं भिडत नाहीत. गर्दीच्या उंचीचा मुद्दा इथेही आलाच.

आणि माणसात जोडी बिघडली तर आजार होतो. टॉर्पेडो माशाच्या नळीचं माणसातलं भावंड आपल्या स्नायूंत असतं, सीएलसी-१. स्नायू आवळल्यावर तो वेळेवर सैल व्हायला ही क्लोराइडची वाट लागते. ती बिघडली की हस्तांदोलन केल्यावर हात सुटत नाही, बसलेला माणूस उठताना ताठरतो. युलियस थॉमसेन या डॉक्टरांनी १८७६मध्ये हा आजार लिहून ठेवला तो स्वतःच्याच घराण्यातला, स्वतःसकट. घाबरल्या की पाय ताठ होऊन पडणाऱ्या अमेरिकेतल्या प्रसिद्ध शेळ्यांतही दोष याच नळीत आहे.

इथे काकांना आवडेल असं गणित आहे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात. समजा एक प्रत बिघडलेली आहे. म्हणजे निम्मी प्रथिनं चांगली, निम्मी वाईट. प्रत्येक नळी स्वतंत्र असेल तर निम्म्या नळ्या चालतील आणि निम्म्यांवर स्नायूचं भागतं. आजाराच्या एका प्रकारात असंच होतं. एक वाईट प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो, दोन्ही वाईट असतील तरच त्रास. पण थॉमसेन घराण्यात एकच वाईट प्रत पुरत होती. कारण दुनळीच्या दोन्ही नळ्यांना मिळून एक सामाईक झडपही असते. दोष त्या झडपेत असेल तर वाईट जोडीदार चांगल्यालाही घेऊन बुडतो. जोड्या कशा पडतील? चारांत एक चांगला-चांगला, एक वाईट-वाईट आणि दोन मिश्र. मिश्र दोन्ही बुडाल्या, म्हणजे चारांतली एकच उरली. निम्म्यावर भागत होतं, पाव हिश्श्यावर भागत नाही. एकाच जनुकातला दोष एका घरात लपून राहतो आणि दुसऱ्या घरात पिढ्यानपिढ्या उघड दिसतो, त्याचं कारण या जोडीत आहे.

## आणि काकांची गोळी?

टपरीवर चहा संपेपर्यंत काका गप्प होते. मग म्हणाले, "माझं ते साखर ओढणारं, ते एकटं असतं की जोडीनं?"

"एकटं नाही," भाची म्हणाली. "पण जोडीदार त्याच्यासारखा नाही. एमएपी१७ नावाचं एक छोटं प्रथिन त्याच्या अंगाला लागून पडद्यात बसलेलं असतं. ते नसेल तर माणसातलं हे साखर ओढणारं प्रथिन धड काम करत नाही. दोघांचं एकत्र चित्र काही वर्षांपूर्वीच निघालं. आणि त्या चित्रात, काका, मधल्या खोबणीत तुमची गोळी अडकलेली दिसते. एम्पाग्लिफ्लोझिनच."

काकांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, मागचं बारीक नाव चष्मा वर करून वाचलं आणि पुन्हा खिशात ठेवली. "फोटो पाठव मला," म्हणाले. "डॉक्टरांना दाखवतो."